पहिल्या हाकेला

१

आमच्या बाबांचा आवाज म्हणजे कन्नमवार नगरात विषय होता. संध्याकाळी ते खाली स्कूटर लावायचे आणि हेल्मेट काढायच्या आधीच सोडायचे, "दिशाऽऽ!" जिन्यातून ती हाक प्रत्येक मजल्यावर आपटत वर यायची. पहिल्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायचं, दुसऱ्यावरच्या जयंती काकू देवाचं नाव घ्यायच्या, आणि तिसऱ्यावर मी आरामात मोबाइल बघत बसायचे. काम काय, तर खाली जाऊन त्यांच्या हातातली हत्यारांची पिशवी घ्यायची. पण तिसऱ्या हाकेच्या आधी मी ओ दिली असेल तर नाव बदला माझं. चौथ्या हाकेला त्यांचा आवाज फाटायचा, मग मी गॅलरीतून डोकं काढून एकदम गोड बोलायचे, "हाक मारली का बाबा?"

वीस वर्षं ड्रिल मशीन चालवून त्यांचे कान अर्धे गेले होते. स्वतःला ऐकू यावं म्हणून ओरडायचे. आणि असा माणूस धंदा काय करायचा? आवाज बंद करायचा. स्टुडिओचं साउंडप्रूफिंग. हसा.

मी दहावीत दोन विषयांत उडाले. नंतर सहा महिने बिल्डिंगच्या बेल वाजवून पळणं, लोकांच्या चपलांची अदलाबदल करणं, असले उद्योग. मग बाबा बोलले, "चल माझ्याबरोबर. घरात बसून लोकांच्या शिव्या खातेस, त्यापेक्षा रॉकवुल भर."

हे काम तसं सोपं आहे. खोलीच्या आत खोली बांधायची. आतली खोली बाहेरच्या खोलीला कुठेही चिकटता कामा नये. जमीन रबराच्या ठोकळ्यांवर. दोन भिंतींच्या मधे पोकळी, तिच्यात रॉकवुल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, हाताला लागली की दोन दिवस खाज. वरून जिप्समचे बोर्ड. एखादा स्क्रू जरी लांब गेला आणि पलीकडे टेकला, तरी आवाज त्याच्यावरून चालत जातो. बाबा त्याला पूल म्हणायचे. "पूल झालो काय संपला," हे दिवसातून दहा वेळा.

सगळं झालं की टेस्ट. लोक मशीन लावतात. बाबांकडे पण होतं, पण त्यांचा विश्वास स्वतःच्या गळ्यावर. ते आत जाणार, जाडा दरवाजा बंद करणार आणि जीव खाऊन ओरडणार, "दिशाऽऽ!" मी बाहेर दरवाजाला कान लावून. नाही ऐकू आलं तर अंगठा वर. पास.

मी दरवेळी सांगायचे, "आला आवाज." मग ते अर्धा तास गुडघ्यावर बसून दरवाजाचं रबर चाचपत बसायचे, आणि मी लवूकाकाला डोळा मारायचे.

२

अंधेरीला एमआयडीसीत एका गाळ्यात निहार सरांचा डबिंगचा स्टुडिओ होत होता. माणसं आम्ही चारच. बाबा, लवूकाका म्हणजे बाबांच्या गावचा सुतार, वायरिंगवाला सुबोध आणि मी.

भिंतीचा शेवटचा बोर्ड लावायच्या आधी बाबा गाऱ्हाणं घालायचे. गावाला देवळात घालतात तसं. चपला काढून सगळ्यांनी उभं राहायचं, ते एकेक मागणं बोलणार आणि आम्ही प्रत्येक वेळी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दुसरा कुठला कॉन्ट्रॅक्टर असं करत असेल असं वाटत नाही.

आता एवढा चान्स मी सोडणार? आदल्या दिवशीच मोबाइलवर माझा आवाज जाडा करून "व्हय म्हाराजा" रेकॉर्ड केलं. लिंबाएवढा ब्लूटूथ स्पीकर होता माझ्याकडे, तो सकाळी पोकळीत, रॉकवुलच्या मागे, कमरेच्या उंचीवर दाबून ठेवला. प्लॅन असा की गाऱ्हाणं संपलं की भिंत बोलणार.

बाबांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्याफुडे उभी आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या खोलयेतलो आवाज भायर जाव नये, आणि भायरचो आवाज भितर येव नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग मी मधेच घुसले. बाबांच्याच आवाजात, त्यांच्यासारखं पोट पुढे काढून. "आणि म्हाराजा, आमच्या बापाशीचा बोंबलणा पण ह्या खोलयेच्या भायर येव नये रे म्हाराजा!"

सुबोध फिसकन हसला. लवूकाकाने तोंडावर टॉवेल धरला. माझा अंगठा खिशात मोबाइलवर होता. दाबणार तेवढ्यात आलं.

"व्हय म्हाराजा."

मी रेकॉर्ड केलेला आवाज भसाडा होता, थोडा कार्टूनसारखा. हा तसा नव्हता. साधा. ना बाईचा, ना म्हाताऱ्याचा. कोणीतरी कानाला लागून उभं राहून बोलावं तसा, फक्त कानाला श्वास लागला नाही.

कोणी दचकलं नाही. सुबोधला वाटलं असणार लवूकाका बोलला, लवूकाकाला वाटलं असणार सुबोध. बाबा तेवढे माझ्याकडे बघत राहिले. "गाऱ्हाण्यात मस्करी करूक नाय गो," एवढंच बोलले. ओरडले पण नाहीत.

मला वाटलं, बटण चुकून दाबलं गेलं असेल. मोबाइलचा काय भरवसा. बोर्ड लागला, स्क्रू बसले, विषय संपला.

३

चार दिवसांनी टेस्ट. बाबा आत गेले. आतल्या खोलीला एक काच असते, बाहेरच्या रेकॉर्डिंगवाल्याला आतला माणूस दिसावा म्हणून. मी काचेतून बघितलं. छाती फुगली, गळ्याच्या शिरा वर आल्या, तोंड उघडलं. ओठांवरून माझं नाव कळत होतं. आवाज शून्य. मी दरवाजाला कान लावला होता, तरी शून्य.

ते बाहेर आले. "इलो काय आवाज?"

"आला ना. खालून."

ते खाली बसले, रबर चाचपायला. मी थोडा वेळ मजा घेतली आणि मग अंगठा वर केला. पास. त्यांनी मला मारायला चप्पल उचलली आणि काहीतरी बोलले. दरवाजा उघडा होता, ते माझ्यापासून तीन फुटांवर होते, तरी मला वाटलं ते अजून आतूनच बोलतायत. मी कान खाजवला. दिवसभर कानात रॉकवुलची धूळ गेलेली असते.

निघताना लवूकाकाने त्याच्या पेटीतून माझा स्पीकर काढून हातात ठेवला. "ह्या तुझा काय? बोर्ड लावच्या दिवशी सकाळीच भिंतीत गावला. आत बॅटरीबिटरी नको म्हणून काढलंय."

"गाऱ्हाण्याच्या आधी?"

"मगे? नंतर कसो काढतलंय, भिंत फोडून?"

"मग त्या दिवशी... काका, तेव्हा व्हय म्हाराजा कोण बोललं? शेवटचं?"

"सगळे बोलले," लवूकाका बोलला आणि पेटी बंद केली.

४

त्या संध्याकाळी आईने फोन करून दळण आणायला सांगितलं होतं, म्हणून मी पुढे निघून बाबांच्या आधी घरी पोचले. खाली स्कूटरचा आवाज आला. मग हाक आली.

हाक आली म्हणजे, आली नाही. खालच्या खाली पडली. आमचा जिना असा आहे की कोणाची चप्पल निसटली तरी गच्चीपर्यंत कळतं. आणि बाबांची हाक तिथे ओल्या गादीवर पडल्यासारखी. कुत्रं भुंकलं नाही.

मी गॅलरीतून बघितलं. ते वर बघून ओरडत होते. शिरा दिसत होत्या.

कसं सांगू, माणूस बोलला की त्याच्या आवाजाला जागा लागते. बाथरूममध्ये बाथरूम लागतं, जिन्यात जिना लागतो. हे मी या धंद्यातच शिकले. बाबांच्या आवाजाला काही लागत नव्हतं. स्वयंपाकघरात बोलू देत नाहीतर पवईच्या ट्रॅफिकमध्ये, आवाज तोच, कोरडा, त्या आतल्या खोलीत बोलल्यासारखा.

आई खूश. "चला, या वयात तरी माणूस हळू बोलायला शिकला." जयंती काकू जिन्यात मला थांबवून हसल्या, "राजाराम भावजींना झालंय काय गं? बिल्डिंगला किती शांतता!" एक माणूस गायब होत होता आणि सगळे थँक यू म्हणत होते.

आठवड्याने तो आवाज दोन हातांच्या पलीकडे जाईना. मग एका हाताच्या. बाबा आईला "प्रेमा" म्हणायचे आणि आई पाठमोरी भाकरी थापत राहायची. त्यांना वाटायचं ती मुद्दाम करते. एकदा त्यांनी ताट आपटलं. ताटाचा आवाज मात्र बिल्डिंगभर गेला.

घाटकोपरला घशाच्या डॉक्टरांनी लाइट टाकून बघितलं. बोलले, घसा एकदम चांगला आहे, तुम्ही जोर लावत नाही आहात. बाबा त्यांच्या कानाशी वाकून बोलले, "डॉक्टर, मी ओरडतोय."

मी बाजूच्या स्टुलावर बसले होते. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण काय सांगणार? मी गाऱ्हाण्यात मस्करी केली आणि कोणीतरी हो म्हणालं? ज्या पोरीने वर्षभर खोटंच "आला आवाज" सांगितलं, ती? स्वतःलाच समजावलं, असं काही नसतं. धूळ. वय. कान गेले तसा घसा. रात्री जेवताना बाबा माझ्याकडे बघून काहीतरी बोलले, मी मान हलवली. काय बोलले ते अजून माहीत नाही.

५

मग निहार सरांचा फोन. रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी येतंय, येऊन बघा.

गेलो. दुपारचे बारा, बाहेर वेल्डिंगच्या ठिणग्या, चहावाला, सगळं नॉर्मल. निहार सर चांगले आहेत, पण चिडलेले. "काका, आर्टिस्ट लोक तक्रार करतायत. दोन वाक्यांच्या मधे आतमध्ये कोणीतरी हाक मारतंय म्हणतात. एक मुलगी तर परत यायला तयार नाही."

त्यांनी हेडफोन दिला, आवाज पूर्ण वर केला. एक मुलगी कार्टूनचं काहीतरी बोलत होती. ती थांबली. खाली, खूप खाली, सुं असा आवाज. आणि त्याच्या मागे, "दिशाऽऽ!"

जिन्यासकट. तीन मजल्यांवर आपटत येणारी. आणि हाकेनंतर, मी शपथेवर सांगते, कुत्रं भुंकलं.

एवढी मेलेली खोली बांधली आम्ही, टाळी वाजवली तर हातातच मरते, आणि तिच्यात आमचा जिना घुमत होता.

"नाव ऐकलंस ना?" निहार सर बोलले. "तुझंच आहे."

"कॉमन नाव आहे सर. बाहेर कोणीतरी ओरडत असेल." माझी जीभ अशा वेळी आपोआप चालते.

बाबांनी हेडफोन लावला. एवढं बारीक त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. ते स्क्रीनवरच्या हिरव्या पट्टीकडे बघत बसले. मुलगी थांबली की पट्टी पडायची, आणि मग जराशी उठायची. पडायची, उठायची. मी मनात मोजत होते. पहिली हाक. दुसरी. तिसरी.

बाबांनी हेडफोन काढला. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता, दहावीच्या निकालाला पण नाही. त्यांनी माझा कान जवळ ओढला. "पूल झालो," ते बोलले. "माझ्या हातान पूल झालो."

या धंद्याच्या चौदा वर्षांत त्यांना एकही भिंत परत उघडावी लागली नव्हती. आवाज गेला तेव्हा पण हा माणूस एवढा खचला नव्हता.

६

स्क्रू काढताना मी मोजत होते. एकही लांब नव्हता. बाबांनी प्रत्येक स्क्रू बोटाने मापला, परत मापला. लवूकाकाने शेवटचा बोर्ड बाजूला घेतला.

आत रॉकवुल होतं, आम्ही भरलं तसंच. फक्त एका ठिकाणी दबलं होतं. माणूस उभा राहिला तर तोंड येईल तिथे. वाटीएवढा खळगा. आतल्या बाजूने.

लवूकाकाने त्यात बोटं घातली आणि लगेच काढली. मी पण हात लावला. ओलं होतं. कोमट. थंडीत तोंडासमोर हात धरून हा केलं की होतो तसा हात.

"पाण्याची लाइन आसात," लवूकाका बोलला. त्या भिंतीत पाण्याची लाइन नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्याने तेवढा तुकडा कापला, पिशवीत कोंबला, नवीन तुकडा बसवला, आणि हात टॉवेलला पुसत राहिला. पुसतच राहिला.

बाबांना खळग्याशी देणंघेणं नव्हतं. ते टॉर्च घेऊन पूल शोधत होते. सापडला नाही.

परत बोर्ड लावायच्या आधी ते चपला काढून उभे राहिले. हात जोडले. ओठ हलायला लागले. आम्ही चार फुटांवर होतो, एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मधेच ते थांबायचे, आमच्याकडे बघायचे, मग लवूकाका आणि सुबोध अंदाजाने म्हणायचे, "व्हय म्हाराजा." सुबोधच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तोंड मिटून आवाज मोजत होते. दोन. प्रत्येक वेळी दोनच.

७

टेस्ट उलटी करायची ठरली. बाबांचा गळा आता काय कामाचा. मी आत जायचं, ओरडायचं, आणि परत गप्प राहून ऐकायचं, काही येतं का. बाहेर लवूकाका दरवाजाला कान लावून, आणि बाबा काचेपाशी.

दरवाजा लागला. अशा खोलीत एकटं उभं राहिलं की पहिलं स्वतःचं रक्त ऐकू येतं. मी "बाबाऽऽ" ओरडले. हाक ओठाशीच संपली. काचेपलीकडे लवूकाकाने मान हलवली. नाही येत. बाबांनी बोटाने खूण केली, आता ऐक.

मी काचेकडे पाठ केली आणि हात जोडले. गाऱ्हाणं घालता येत नाही मला, फक्त नक्कल येते. ती पण आठवेना.

"म्हाराजा," मी बोलले, "त्या दिवशी मी बोलले ती मस्करी होती. बाबांचा आवाज बाबांना परत दे रे म्हाराजा."

काही नाही. रक्त. मग माझ्या कपाळापासून एक वीत लांब, भिंतीच्या आतून:

"व्हय म्हाराजा."

बाबांचा आवाज. पूर्ण. छातीतला, जिन्यातला, चौथ्या हाकेला फाटतो तो. मी वळले. काचेपलीकडे बाबा उभे होते, ओठ घट्ट मिटलेले. माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"दिशाऽऽ!" माझ्या पाठीमागून.

काचेतल्या बाबांनी भुवया वर केल्या. अंगठा उभा धरून हलवला. इलो काय आवाज?

"दिशाऽऽ!"

मी हो म्हटलं असतं तर त्यांनी भिंत परत उघडली असती. परत स्क्रू मोजले असते. मरेपर्यंत मोजले असते, स्वतःच्या हाताला शिव्या देत. आणि खरं सांगू? दुसरी भीती जास्त होती. भिंत तुटली आणि आत जे आहे ते पण निघून गेलं तर? निदान इथे तरी आहे.

"दिशाऽऽ!" तिसरी.

मी मान हलवली. नाही. काही नाही आलं. अंगठा वर.

बाबांचे खांदे खाली आले. ते हसले. वळून लवूकाकाला काहीतरी बोलले, ओठांवरून कळलं. पास.

८

निहार सरांना मी सांगितलं, मला डबिंग शिकायचंय. शनिवारी दुपारी आर्टिस्ट नसतात तेव्हा ते मला खोली देतात. त्यांचं रेकॉर्डिंग आता रात्रीतून साफ करून घेतात, कॉम्प्युटरने. कुठली तरी बटणं आहेत, ती हाक पुसून टाकतात. बाबांना परत बोलवू नका, हे मीच त्यांना सांगितलंय.

बाबा अजून काम करतात. छोटी पाटी आणि खडू ठेवलाय खिशात. घरी माझ्याशी बोलतात तेव्हा मी ओठ बघते, निम्मं कळतं. संध्याकाळी स्कूटर लावून वर येतात, पिशवी स्वतः घेऊन. तीन मजले, गुपचूप. दारात उभे राहतात, कोणीतरी बघेपर्यंत.

शनिवारी मी आत जाते, दरवाजा लावून घेते, त्या भिंतीपाशी बसते. ते हाक मारतात. मी ओ देते, पहिल्याच हाकेला. आले बाबा, आले, असं बोंबलून सांगते. ते थांबत नाहीत. दुसरी मारतात, तिसरी, चौथ्या हाकेला आवाज फाटतो, आणि परत पहिल्यापासून.

चूक त्यांची नाही. भिंत चांगली बांधलीय. माझं काही पलीकडे जात नाही.